तुमची धानी

आई, रडायचं ते मागाहून रडेन. आधी आपलं भांडण मिटवायचंय. तुम्ही ते अर्धवट टाकून उठून गेलात याचा मला इतका राग आलाय, की शेजारणी समाचाराला आल्या की मी त्यांच्यापुढे चहा ठेवते, दोन शब्द नीट बोलते आणि आत येऊन भांडी आपटते. बाबा बाहेरून विचारतात, "वंदना, काय पडलं गं?" मी म्हणते, काही नाही. सासूशी भांडतेय असं कोणत्या तोंडानं सांगू? सासूला मणिकर्णिकेवर पोचवून तर सगळे घरी आले.

आणि गेलात तेही कसं, तर अगदी मनासारखं. भाद्रपदातली सकाळ, हातात चहाचा कप, तोही जवळजवळ संपलेला. आजारपण नाही, अंथरूण नाही, कुणाला काही करायची संधी नाही. सवाष्ण गेलात. ते तर तुम्ही कधीचं जाहीर केलं होतंत. बाबा समोर पेपर वाचत बसलेले असायचे आणि तुम्ही भाजी निवडता निवडता सांगायचात, "मी ह्यांच्या आधी जाणार आहे हां. आणि जाताना मला धानी नेसवायची. ती गर्द हिरवी नको, नव्या नवरीसारखी. धानी." बाबा पेपरातून तोंड न काढता म्हणायचे, "आधी कोण जातंय ते बघू की." "मीच," तुम्ही म्हणायचात, तिकीट काढून ठेवल्यासारखं.

सवाष्ण गेली की हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, भरलेली ओटी. हे काही मला कुणी शिकवायला नको होतं, माझ्या माहेरी भोरकडेही तसंच आणि इथं काशीतल्या मराठी घरांतही तसंच. हिरवी नेसवायची एवढं तर ठरलेलंच होतं. पण कुठली हिरवी? तिथंच तर आपलं घोडं अडलेलं होतं ना आई, माझ्या लग्नापासून!

त्या सकाळी घरात माणसं जमायला लागली आणि मी पायात चपला सरकवून चौकाकडे पळाले. तुमच्या नेहमीच्या साडीवाल्याचं दुकान उघडलंही नव्हतं. तो वर राहतो म्हणून हाका मारल्या. बनियनवरच खाली आला, माझं तोंड बघितलं आणि काय ते समजला. शटर अर्धं वर केलं, आम्ही दोघं वाकून आत गेलो. मी म्हटलं, "धानी चाहिए. माताजी के लिए." बिचारा तिथंच गादीवर बसला. मग उठून त्यानं एकेक काढायला सुरुवात केली. ही तोतई, म्हणजे आपली पोपटी. ही अंगूरी. ही पिस्ता. आणि ही, म्हणाला, ही धानी. मी म्हटलं, पक्की? तर म्हणतो, "भाभीजी, हमारे यहाँ तो यही धानी है. लेकिन माताजी तो इसको भी मना करती थीं."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तिकडे फोन वाजत होता. श्रीधर म्हणत होते, "कहाँ हो? सब लोग आ गये हैं." शेजारचे ऐकत असले की तुमचा मुलगा माझ्याशीही हिंदीतच बोलतो. मी त्या साड्या शटरखालून येणाऱ्या उजेडात धरल्या, ट्यूबलाइटखाली धरल्या, माझ्या हाताला गुंडाळून बघितल्या. प्रत्येक साडीबरोबर मला तुमचा आवाज ऐकू यायचा, "ही नाही." ही नाही, ही नाही, ही नाही. अहो, मग कुठली? एकदा तरी, एकदा तरी बोट दाखवून म्हणायचं होतंत की ही बघ, ही धानी! शेवटी दुकानदाराची धानी घेतली. त्यानं सवयीनं ब्लाऊज पीस कापून वेगळा काढला आणि माझ्या हातात दिला. तो मी पर्समध्ये कोंबला.

तुम्हाला नेसवताना मी सारखी तुमच्या तोंडाकडे बघत होते ते सगळ्यांना दुःखानं वाटलं असेल. दुःख होतंच. पण मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती की आत्ता डोळे उघडाल आणि म्हणाल, ही नाही.

रंगाचं नाव म्हणजे काय मोठं गौडबंगाल असतं का? डाळिंबी म्हटलं की डाळिंब. आमसुली म्हटलं की आमसूल. ज्या वस्तूवरून नाव पडलं ती वस्तू आणायची, साडी तिच्याशेजारी धरायची आणि बघायचं. धानी हे नाव धानावरून पडलं यावर आपलं दोघींचं एकमत होतं. उभ्या जन्मात आपलं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालं त्यातली ही एक. पण धान दिसतं कसं यावर मात्र तुम्ही हटून बसलात.

मी भातवाल्या मुलखातली. आषाढात लावणीच्या आधी खाचराच्या कोपऱ्यात भाताची रोपं दाटीनं उभी असतात, पावसानं धुतलेली, अंगावर ऊन आलं की बघवत नाही इतकी हिरवी. मी त्यांच्या मुठी बांधल्यात, चिखलात पाय रुतवून. माझ्या लेखी धानी म्हणजे तो रंग. तुम्ही म्हणायचात, नाही, धानी इतकी हिरवी नसते, ती पिवळी असते. मग मी म्हणायची, पिवळी म्हणजे पिकलेल्या भाताची? तर तेही नाही! "पिकलेली कशी असेल? कोवळी असते." कोवळी आणि पिवळी! असं कुठलं धान असतं हो? मी एकदा बँकेतून येताना ग्रंथालयात जाऊन कोश बघून आले. कोशातही भाताचं हिरवं रोपच निघालं. जिंकले या आनंदात घरी आले तर तुम्ही मटार सोलत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "पुस्तकवाल्यानं बघितली असेल त्याची. माझी अलग आहे."

"मग तुमची कुठली?"

"आमच्याकडची."

"आमच्याकडची म्हणजे?"

"म्हणजे घरची. तू मटार सोल."

असा संताप यायचा! मला वाटायचं, हा तुमचा काशीकर ठसका. ब्रह्मा घाटावर जन्मलेली मुलगी लग्न करून मंगला गौरीच्या गल्लीत आली, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चालत जाऊन परत येता येईल एवढाच तुमच्या आयुष्याचा प्रवास, आणि आम्ही महाराष्ट्रातून आलेले ते 'तिकडचे'. तिकडच्या लोकांना साडीतलं काय कळतं, तिकडच्यांना पान खाता येत नाही, तिकडची पुरणपोळी जाड. मी एकदा वैतागून विचारलंच, "आई, तुम्ही शेत तरी कधी पाहिलंय का जवळून?" तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "ट्रेनमधून."

मी हसून हसून बेजार झाले होते. तुम्हीही हसलात. पण धानी सोडली नाहीत.

माझ्या पहिल्या बोनसमधून तुमच्यासाठी साडी आणली होती, आठवतं? आठवत असणारच, तुम्ही काही विसरत नव्हता. मी कितीतरी दुकानं पालथी घालून आणलेली, धानी म्हणून. तुम्ही घडी मोडलीत, खांद्यावर टाकलीत, आरशात बघितलंत. "छान आहे. पोपटी आहे." बस. नवी सून समोर उभी आहे, तिच्या तोंडावर एवढंच? मी रात्री श्रीधरपुढे आसवं गाळली तर ते म्हणाले, "अगं, छान आहे म्हणाली ना?" तुमच्या घरातल्या पुरुषांकडून रंगाच्या बाबतीत कसलीच मदत नाही. बाबांचा जन्म रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेला. ते म्हणायचे, "मला लाल कळतो आणि हिरवा कळतो. मधलं सगळं तुमचं तुम्ही बघा." ती पोपटी मात्र तुम्ही विरेपर्यंत नेसलात हेही खरं. परवा गाद्या उन्हात टाकल्या तेव्हा गोधडीत तिचे तुकडे दिसले. मी ती गोधडी परत आत नेऊन ठेवली.

आणि दुकानातले ते तमाशे! साडीवाला बिचारा उत्साहानं साडी घेऊन दाराकडे निघायचा, उजेडात नीट दिसेल म्हणून. तुम्ही ओरडायचात, "ए भइया, बाहर मत ले जाओ! बाहर ले गये तो धानी नहीं रहेगी." तो म्हणायचा, "माताजी, पक्का रंग है, धूप में मरेगा नहीं." "मरेगा. धानी तो धूप में मरती ही है." तो माझ्याकडे बघायचा, मी पंख्याकडे बघायची. सगळं जग साडी उन्हात नेऊन पारखतं आणि माझी सासू म्हणते उन्हात नेऊ नका! मला वाटायचं तुम्हाला कच्च्या रंगाची भीती आहे. स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता तेव्हा रंगाऱ्यानं आणलेला सगळा तक्ता तुम्ही चष्मा लावून पानन् पान बघितलात आणि मिटून परत दिलात, "यात नाही." भिंती पांढऱ्या झाल्या. गार्गीनं मोबाइलवर धानी शोधून दाखवली तर म्हणालात, "ह्याच्या मागे दिवा लावलाय. दिवा काढ, मग बघते." नातीपुढेही माघार नाही.

मी हे सगळं चिडून सांगतेय खरं, पण शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "तुझी सासू जरा हट्टीच होती नाही?" तर मला इतका राग आला त्यांचा! मी म्हटलं, हट्टी होत्या म्हणून तर मी आज नोकरीत आहे. गार्गी झाली तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं होतं, माझ्या आईनंसुद्धा. तुम्ही तेवढ्या म्हणालात, "पोरगी माझ्याकडे दे आणि चालू लाग." आणि दुपारी तिला पदराखाली घेऊन बँकेच्या मागच्या दारापर्यंत यायचात, मला तिला पाजता यावं म्हणून. वाटेत गल्लीत सांड आडवा बसला असला की त्याला दम भरायचात, "उठ रे बाबा, पोर भुकेली आहे." एकदा पावसात आलात, पोर कोरडी ठणठणीत आणि तुम्ही नखशिखांत भिजलेल्या. मी तेव्हा आभार मानले नव्हते. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आज मानते, तर ऐकायला तुम्ही नाही. यालाही कारण तुम्हीच, एवढी घाई कसली होती?

शेवटचं भांडण उन्हाळ्यात झालं. श्रीधरच्या मावसबहिणीकडे लग्न होतं, तुम्हाला साडी घ्यायची होती आणि सबंध रविवार आपण दुकानं फिरलो. ही नाही, ही नाही. लूच्या गरम झळा चाललेल्या, माझं डोकं ठणकत होतं. घरी येऊन पाणीसुद्धा प्यायच्या आधी मी फुटले. "आई, तुमची धानी खरंच आहे का हो कुठे? का उगाच सगळ्यांना नाचवायचं? असली तर दाखवा मला एकदा आणि संपवा!" मी इतक्या मोठ्यानं तुमच्याशी कधी बोलले नव्हते. बाबा आतून उठून आले. मला वाटलं आता तुम्ही चिडणार. तुम्ही पदरानं वारा घेत होतात. अगदी शांतपणे म्हणालात, "दाखवीन ना. येईल तेव्हा दाखवीन."

येईल तेव्हा! काय येईल? दुकानात माल येईल? मी कपाळाला हात लावला आणि कुकर लावायला गेले. तुम्ही दाखवली नाहीत. त्याआधीच गेलात. तेराव्याच्या पंगतीत लोक म्हणत होते, सोन्यासारखं मरण आलं. मी वाढता वाढता मनात म्हणत होते, सोन्यासारखं कसलं, माझं उत्तर द्यायचं राहिलंय त्यांचं.

मग पितृपक्ष सरत आला आणि घटाचा प्रश्न आला. यंदा घट बसवायचे की नाही? बाबा ब्रह्मा घाटावर गुरुजींना विचारून आले. गुरुजी म्हणाले, सण नको, गोडधोड नको, पण कुळाचार मोडू नका. म्हणजे घट माझ्या गळ्यात. आणि मला त्यातलं ओ की ठो माहीत नाही, कारण तुम्ही घटाला कधी कुणाला हात लावू दिलात? घट बसला की देवघर तुमचं. पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं तुम्हीच आत जायचं, तुम्हीच पाणी शिंपडायचं. मी उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की "तू राहू दे, तुला बँकेची घाई." माझ्या माहेरी घट पडवीत असायचा, उघड्यावर, येता जाता आम्ही पोरं ओंजळीनं पाणी घालायचो आणि रोपं अशी हिरवीगार तरारायची. इथं मी इतक्या वर्षांत काय पाहिलं, तर वेळूची एक पालथी टोपली. तिच्याखाली काय चाललंय ते तुम्हाला आणि देवीला ठाऊक.

मी गंगेची माती आणवली, धान्य कालवलं, पत्रावळीवर पसरलं, मधे कलश ठेवला. चुकलं असेल तर देवी माफ करो, शिकवणारी निघून गेली. सगळं झाल्यावर बाबा ती टोपली घेऊन आले. "झाक. तुझी सासू झाकायची. उंदीर खातात, नाहीतर माकडं." मी झाकलं. पुढचे दिवस रोज सकाळी नंदादीपाच्या उजेडात टोपली उचलायची, हातानं पाणी शिंपडायचं, टोपली ठेवायची आणि बँकेत पळायचं. बघायला वेळ कुणाला होता?

मग रविवार आला. बाहेर दुर्गापूजेच्या मांडवातले लाउडस्पीकर ओरडत होते. घरात गोडधोड करायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, मला काही कामच नव्हतं. मी देवघरात पाट घेऊन बसले, तुमच्या जागेवर. टोपली उचलली, दार पुरतं उघडलं, आणि आई, मी बघतच राहिले.

इतकी उंच, बारीक, एकमेकांना टेकलेली रोपं. हिरवी म्हणावी तर हिरवी नाहीत, पिवळी म्हणावी तर पिकलेली नाहीत. कोवळी आणि पिवळी. ऊन कधी बघितलंच नाही ना त्यांनी. आपल्या गल्लीत तेच मुळात दुपारी घटकाभर येतं, देवघराला खिडकी नाही, वर टोपली. माझ्या माहेरी हेच घटाचं धान उघड्यावर हिरवंगार व्हायचं. इथं ते असं झालं. मी पाटावरून उठले, पर्समधून तो ब्लाऊज पीस शोधून काढला आणि रोपांशेजारी धरला. जवळपासचाही नव्हता. भडक, उन्हातला, माझ्या खाचरातला हिरवा.

म्हणजे चूकच झाली. चुकीची नेसवून पाठवली मी तुम्हाला.

मी बाबांना हाक मारली. "बाबा, हा कुठला रंग?" ते वाकून बघत म्हणाले, "हिरवा." नेहमीसारखं. तेवढ्यात गार्गी मागून आली, केस विंचरत. म्हणाली, "अरे, ही तर धानी. आज्जीवाली."

मी गर्रकन वळले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? आज्जीनं. दर दसऱ्याला तुझ्या जूड़े में खोसायची ना, तेव्हा मला बोलायची, बघ, माझी धानी कशी शोभते तुझ्या आईला." माझं तोंड बघून ती घाबरलीच. "मम्मी, मला मालूम नव्हतं की तुला मालूम नाही!"

आई, तुम्हाला काय म्हणू? दर दसऱ्याला मी गॅसपाशी उभी असायची, पुरी तळत नाहीतर वरण फोडणीला टाकत. तुम्ही न सांगता मागून यायचात, तो तुमचा ओला गार हात मानेला लागायचा, मी दचकायची. अंबाड्यात काहीतरी खुपसायचात आणि म्हणायचात, "बघ आता." मी म्हणायची, "हो हो, छान," आणि पुरी उलटायची. काय बघ? कुठे बघ? माझे डोळे पुढे आहेत हो, आई! साऱ्या घरानं बघितली तुमची धानी. पोरीनं बघितली, श्रीधरनं बघितली, शेजारणींनी बघितली, सोनं द्यायला येणाऱ्या पोराटोरांनी बघितली. जिच्या डोक्यात होती तिला तेवढी दिसली नाही. संध्याकाळी अंबाडा सोडला की चिमलेल्या हिरव्या काड्या हातात यायच्या, त्या मी तुळशीत टाकायची. आणि तुमची समजूत काय, तर सुनेला आपण दरवर्षी दाखवतो तरी ती पटवून घेत नाही. तुम्हाला माझा किती राग आला असेल! म्हणून तर म्हणालात, येईल तेव्हा दाखवीन. नवरात्र येईल तेव्हा. नवरात्र आलं. तुम्ही थांबला नाहीत.

मी देवघरातच बसून रडले. पहिल्यांदाच नीट रडले. बाबा दारात उभे राहिले, मग वेताचा मोढा ओढून तिथंच बसले. मी त्यांना सांगितलं की बाबा, मी आईंना चुकीची साडी नेसवली, त्यांना ही हवी होती. त्यांनी टोपलीखालची रोपं परत एकदा बघितली, ब्लाऊज पीस हातात घेऊन बघितला. त्यांना दोन्ही सारखेच दिसले असणार. म्हणाले, "जी नेसवलीस ती हिरवीच होती ना? हिरव्यावर गाडी सुटते. तिची सुटली." आणि चष्मा काढून पुसत बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तुम्हीही पाहिलं नसेल.

पण मला ते पुरेना. बाबांचं समाधान झालं असेल, तुमचं झालं असतं का? मला माहीत आहे ना तुम्ही कशा. तिथंही कुणाला तरी सांगत असाल की सून चांगली आहे, फक्त जाताना पोपटी नेसवली.

आज दसरा. पहाटेच आम्ही तिघं घट घेऊन पंचगंगा घाटावर गेलो. श्रीधर घरी थांबले, पूजेला गुरुजी येणार होते. बाबांचे गुडघे त्या उभ्या पायऱ्या उतरायला कुरकुरत होते, गार्गीनं त्यांचा हात धरला होता. पत्रावळ माझ्या हातात आणि वर तुमची टोपली, घट्ट दाबून धरलेली. वाटेत ओळखीच्या बाईनं विचारलं, "दीदी, ढककर क्या ले जा रही हैं?" मी म्हटलं, "धानी है. बाहर निकालने से मर जाती है." ती बघतच राहिली. मला तुमचा साडीवाला आठवला.

खाली पाण्यापाशी पायऱ्यांवर अजून पुराचा गाळ होता. पलीकडच्या वाळवंटावर सूर्य नुकता वर आला होता आणि ऊन सरळ आमच्या अंगावर येत होतं. मी पाठ करून उभी राहिले, पदराची सावली धरली आणि टोपली उचलली. बाबांनी मान पुढे केली. दरवर्षी करत असतील. मी त्यांच्या कानावर दोन काड्या खोवल्या. गार्गीनं मूठभर घेतल्या, माझ्या मागे गेली आणि तिचा ओला हात माझ्या मानेला लागला. मी दचकले. तिनं काड्या अंबाड्यात खोसल्या. मी मागे वळले नाही.

मणिकर्णिका इथून वरच्या अंगाला. तुम्हाला तिथं पाण्यात सोडलं, म्हणजे तुम्ही या पायऱ्यांसमोरूनच पुढे गेला असाल, आपल्या घराखालून. गंगा आपल्या गतीनं चाललीय, तुमच्याही गुडघ्यांचं दुखणं होतंच, फार लांब गेला नसाल. मी पाण्यात उतरले, वाकले, आणि पदराच्या सावलीतच ते सगळं धान अलगद सोडलं. ते भोवऱ्यात एकदा फिरलं आणि तुमच्या मागोमाग निघालं.

आई, घ्या. लवकर बघा, ऊन लागतंय त्याला. आणि आता म्हणून दाखवा, ही नाही.